दान लोकांचे मुखवटे

पश्चिम आफ्रिकेंत लायबेरिया आणि आयव्हरी कोस्ट ह्या दोन देशांच्या सरहद्दीवर, अरण्यांनीं वेढलेल्या डोंगराळ मुलुखांत दान नांवाचे लोक राहतात. लायबेरियांत त्यांस गिओ, तर पलीकडे याकुबा असेंहि म्हणतात. त्यांचे कोरीव लांकडी मुखवटे आज युरोप-अमेरिकेंतील पुष्कळ पदार्थसंग्रहालयांत मांडलेले आहेत. पाहणारा कोणी त्यांस सुंदर म्हणतो, कोणी रानटी म्हणतो, आणि पुढें जातो. विद्यार्थीमित्रहो, ह्या दोन्ही अभिप्रायांनीं मुखवट्याची ओळख होत नाहीं. ती करून घ्यावयाची तर ‘हा करीत काय असे?’ हा प्रश्न आपण आधीं विचारला पाहिजे.

दान लोकांची समजूत अशी, कीं अरण्यांत अदृश्य शक्ति वास करितात आणि मनुष्यांत यावें अशी त्यांची इच्छा असते. अशी शक्ति एखाद्याच्या स्वप्नांत येते व आपणांस कोणतें रूप हवें तें सांगते. मग कारागीर वाकसानें लांकूड तासून चेहरा घडवितो आणि वनस्पतींच्या रंगानें तो काळा करितो. ह्या शक्तीस ‘गे’ म्हणतात. केवळ लांकडानें ‘गे’ होत नाहीं. चेहरा, शिरोभूषण, ताडाच्या तंतूंचा घागरा, बदललेला आवाज, गाणें आणि बरोबरचे सेवक हें सर्व त्यास लागतें.

प्रत्येकाचें काम निराळें. अरुंद डोळ्यांचा, शांत, स्त्रीमुखी मुखवटा तो ‘देआंगले’. मुलगे दीक्षेसाठीं रानांतील छावणींत राहत, तेव्हां हा गांवांत येऊन स्त्रियांपासून त्यांच्यासाठीं अन्न मागून नेई. ‘झाकपाइ गे’ ह्याचे डोळे मात्र मोठे व वाटोळे. कोरड्या ऋतूंत वारा सुटला म्हणजे चुलींतील एक ठिणगी गवती छपरांचा सारा गांव जाळण्यास पुरे होई. म्हणून हा फिरून चुली विझल्या कीं नाहींत तें पाही आणि हयगय करणारणीस शिक्षा करी. धांवतांना नीट दिसावें म्हणून डोळे वाटोळे! रूप कामांतूनच आलेलें आहे.

त्याहून नवल हें, कीं मुखवट्याचें काम पुढें बदलूं शके. लोकांस रिझविणारा मुखवटा कालांतरानें मान वाढून न्यायनिवाडाहि करूं लागे. लांकूड तेंच, अधिकार मात्र नवा. तेव्हां नुसता चेहरा पाहून त्याचा हुद्दा सांगतां येत नाहीं. तो गांवकऱ्यांसच विचारावा लागतो.

असें विचारणाऱ्यांपैकीं मेथडिस्ट मिशनचे डॉ. जॉर्ज हार्ली हे एक होत. लायबेरियांतील गांटा येथें १९२६ पासून अनेक वर्षें रुग्णसेवा करीत असतां त्यांनीं शेंकडों मुखवटे जमविले व ते अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयास पाठविले. समाजास वळण लावण्याच्या कामीं मुखवट्यांचा उपयोग कसा होई, हें त्यांनीं १९५० सालीं ग्रंथरूपानें मांडलें.

पुढें १९८९ च्या डिसेंबरांत त्याच निंबा प्रांतांत यादवी युद्ध पेटलें. गिओ लोकांच्या कत्तली झाल्या. हजारों लोक सरहद्द ओलांडून पळाले. सांगणारी माणसें अशीं पांगलीं म्हणजे मुखवटा उरतो, परंतु त्याची हकीकत उरत नाहीं. ह्यास्तव दुसऱ्याच्या घरची अपरिचित वस्तु पाहून तिला नांवें ठेवण्यापूर्वीं, तिचें काम काय हें आपण विचारावें. आणि सांगणारा आहे तोंवरच विचारावें.