ड्रायव्हरची जागा

धरमपेठ, नागपूर

चि. सानिकास,


काटोलच्या संत्राबागेतली आर्द्रता मोजणाऱ्या सेन्सरसाठी तू लिनक्सचा ड्रायव्हर लिहिलास, याचा फार आनंद झाला. कोड सगळा वाचला, नेटका आहे. पण तो ‘ड्रायव्हर्स/मिस्क’मध्ये ठेवलास आणि कारण दिलंस, ‘दुसरीकडे कुठे बसेना’. तेवढं मला पटलं नाही.

चिप आयटूसीवर बोलते की एसपीआयवर, यावरून जागा शोधू नकोस. मोजमाप कशाचं आणि कोणासाठी, ते आधी विचार. नवतपात बोर्डाचा प्रोसेसर तापला, पंखा मंदावला, हे सांगणारी चिप एचडब्ल्यूमॉनची, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या तब्येतीची. बागेतली हवा, उजेड, दाब हे बाहेरच्या जगाचं मोजमाप. ते इंडस्ट्रियल आयओचं, आयआयओचं. तुझी चिप तिथली. डीएचटी११ चा ड्रायव्हरही ‘ड्रायव्हर्स/आयआयओ/ह्युमिडिटी’मध्येच आहे, तो आधी वाचून काढ.

आता तू एसएचटी२१ दाखवशील. आर्द्रतेचाच सेन्सर, पण ड्रायव्हर एचडब्ल्यूमॉनमध्ये. आणि तसलंच काम करणारा एचटीयू२१ आयआयओमध्ये! अशी जुनी उदाहरणं सापडतील, पण त्यांच्यावर आपला निर्णय टेकवू नये. कारण आयआयओ स्वतःच २००९ मध्ये स्टेजिंगमधून, म्हणजे कच्च्या कोडच्या जागेतून, आत आलं आणि २०१२ मध्ये त्याचा गाभा तिथून बाहेर पडला. एचडब्ल्यूमॉनकडूनही वाचायची गरज पडलीच, तर ‘आयआयओ-एचडब्ल्यूमॉन’ नावाचा पूल आहे. त्यासाठी दोन ड्रायव्हर लिहावे लागत नाहीत.

जागेचा मी इतका आग्रह का धरतो? सोर्सची फाइल उद्या हलवता येते. पण जागेबरोबर सिसएफएसमधली, म्हणजे प्रोग्राम जिथून आकडे वाचतात तिथली, नावं ठरतात. एचडब्ल्यूमॉनमध्ये ‘ह्युमिडिटी१_इनपुट’, आयआयओमध्ये ‘इन_ह्युमिडिटीरिलेटिव्ह_इनपुट’. मिस्कमध्ये तर नावं तुझ्या मनाची, म्हणजे बागेत बसवलेला प्रोग्राम फक्त तुझ्याच चिपला ओळखणार. एकदा लोकांचे प्रोग्राम त्या नावांवर उभे राहिले की ती मोडायची नाहीत, हा कर्नेलचा कडक नियम आहे. मिस्कमधून हलताना नाव बदलावं लागल्याचा अपवादही आहे: हबाना लॅब्जच्या एआय प्रोसेसरचा ड्रायव्हर २०१९ मध्ये मिस्कमध्ये आला, कारण तेव्हा अशा चिपांसाठी वेगळं घर नव्हतं. पुढे ‘ड्रायव्हर्स/ॲक्सेल’ तयार झालं, २०२३ मध्ये ड्रायव्हर तिकडे गेला, आणि ‘/डेव्ह/एचएल०’ची जागा ‘/डेव्ह/ॲक्सेल/ॲक्सेल०’ने घेतली. त्यांना घरच नव्हतं, म्हणून मिस्क. तुझ्या चिपला घर आहे.

स्टेजिंगचाही मोह नको. २००८ पासूनची ती जागा अजून नीट न झालेल्या कोडसाठी आहे, सोबत काय उरलंय त्याची टूडू फाइल लागते. तुझा कोड त्या अवस्थेत नाही.

आता इतकं कर. मिस्कमधल्या केकॉन्फिग आणि मेकफाइलमधल्या ओळी काढून आयआयओत घाल. डिव्हाइस ट्री बाइंडिंगचा पॅच वेगळा ठेव, मालिकेत तो ड्रायव्हरच्या आधी लाव. मग ‘गेट_मेंटेनर’ स्क्रिप्ट चालवून कोणाला पाठवायचं ते बघ, आणि कव्हर लेटरमध्ये आयआयओच का, हे दोन वाक्यांत लिही. मेंटेनर म्हणाले की इथे नको, तर का ते विचार आणि हलव. पाठवण्याआधी एकदा मला दाखव, रविवारी घरीच आहे.

तुझा मामा