उघड्या मॅनहोलपाशी

२६ जुलै २००५, मंगळवार. माझं ऑफिस फोर्टात. तिकडे पावसाचा फारसा जोर नव्हता; कुलाब्याला दिवसभरात ७३ मिलिमीटर. सांताक्रूझला मात्र चोवीस तासांत ९४४. लोकल माहीमच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. अंधेरीचं घर गाठायला मी चालत निघाले. त्या रात्री जे कळलं, ते पुढे अनेकदा पडताळून पाहिलं. टिकलं तेवढंच इथे लिहिते.

१. माणसं आधी हात देतात, नाव-गाव मागाहून विचारतात. कलानगरच्या पुढे पाणी छातीला लागलं. रस्ता कुठला नि गटार कुठलं, कळेना. सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा उघड्या मॅनहोलच्या कडेला बांबू रोवून उभा होता. "ताई, उजवीकडून. डिव्हायडर धरा." येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगून त्याचा घसा बसला होता, ओठ काळेनिळे पडले होते. मी म्हटलं, "घरी जा रे आता." तर म्हणाला, "मी हललो तर इथं कोण?"

खेरवाडीत एका घरात खाली गुडघाभर पाणी, आणि पोटमाळ्यावर स्टोव्ह पेटवून चहा चाललेला. घरातलं पीठ-मीठ सगळं भिजलेलं. मी पैसे काढले तशा तिथल्या मावशी रागावल्याच.

२. मदत करणारा वेगळ्या मातीचा नसतो. पुढे लोकांनी दोरी बांधली होती. दोरीला माझ्यापुढे जे गृहस्थ होते, त्यांना तासाभरापूर्वी रिक्षावाल्यावर खेकसताना मी पाहिलं होतं. आता त्यांच्या खांद्यावर कुणाचं तरी मूल होतं. तेव्हापासून कुणाला "तो तसलाच" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

३. चांगुलपणावर सगळा भार टाकू नये. त्या पावसात राज्यात हजाराच्या आसपास माणसं गेली. साकीनाक्याला वस्तीवर दरड कोसळली. मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, मिठी नदी भरावांनी आवळलेली. बांबू धरलेल्या पोराच्या जिवावर शहर चालवणं हा त्या पोरावर अन्याय आहे. म्हणूनच "मुंबईचं स्पिरिट" हे शब्द ऐकले की मला संताप येतो. माणसं चांगली आहेत असं मनापासून वाटत असेल, तर त्यांच्यासाठी धड गटारं मागायला हवीत.

४. सुधारणा रेंगाळत येते, पण येते. हाजी अलीला, इर्ल्याला पंपिंग स्टेशनं झाली. शहरात ठिकठिकाणी पाऊस मोजणारी यंत्रं बसली. मॅनहोलच्या झाकणांखाली लोखंडी जाळ्या येऊ लागल्या. पाणी अजून तुंबतं, झाकणं अजून चोरीला जातात. तरी ती जाळी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाकून हात लावून पाहिला. मला तो बांबू आठवला.

५. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतलं झाकण सरकलं. मी वॉर्ड ऑफिसला फोन लावेस्तोवर कुणीतरी त्यात झाडाची फांदी खोचून तिला लाल फडकं बांधलं होतं. दुपारी माणसं आली, जाळी बसवून गेली. फांदी कुणी खोचली, ते अजून कळलेलं नाही.