पालखी नसताना पालखीच्या वाटेने

प्रश्न : वय 56. नुकतीच नोकरीतून मोकळी झाले. खामगाव ते शेगाव पायी वारी अनेकदा केली, पण त्या गर्दीत स्वतःशी दोन शब्द बोलायलाही उसंत मिळत नाही. पंढरपूरहून परतताना गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून ज्या वाटेने येते, त्या वाटेने सिंदखेडराजापासून शेगावपर्यंत एकटीने चालत जायची फार इच्छा आहे. पालखीचे दिवस सोडून. घरचे म्हणतात, हे काय भलतंच! जमेल का? तयारी काय करू?
— एक वाचक, चिखली

उत्तर : जमेल, ताई. घरच्यांची काळजी खोटी नाही. पण त्यांच्यासमोर नीट आखणी ठेवलीत तर ती निम्मी होईल.

पालखीत चालणाऱ्याला फक्त चालायचं असतं. शेगावच्या पालखीत 700 च्या आसपास वारकरी असतात. त्यांचं सामान वाहनातून पुढे जातं, पाणी सोबत असतं, दुपारचं जेवण कुठल्या गावी आणि रात्रीचा मुक्काम कुठे हे आधीच ठरलेलं असतं. कुणाला ताप आला तर औषध मिळतं, कुणी मागे राहिलं तर शोध घेतला जातो. गावंही त्या दिवसाची वाट पाहत असतात. सडा-रांगोळी होते, चहा-फराळ मांडला जातो. पालखी पुढे गेली की रस्ता तेवढा राहतो. मार्गशीर्षात त्याच गावात तुम्ही एकट्या पोचलात, तर पारावर बसलेल्यांना तुम्ही कोण नि कशाला आलात, काहीच ठाऊक नसणार. म्हणून दिंडी चालणाऱ्यासाठी जे जे करते, ते सगळं तुम्हाला स्वतःसाठी आधी करून ठेवावं लागेल. खरी तयारी ती. बूट आणि पिशवी त्यानंतर.

वाट सिंदखेडराजा, किनगावराजा, दुसरबीड, बीबी, लोणार, सुलतानपूर, मेहकर, जानेफळ, शिर्ला नेमाने, आवार, खामगाव, शेगाव अशी धरा. सगळं मिळून दीडशे किलोमीटरच्या वर भरतं. पालखी रोज वीस-पंचवीस किलोमीटर सहज तोडते. तुम्ही 15 च्या आसपास धरा आणि लोणारला एक दिवस थांबा. म्हणजे बारा-तेरा दिवस हाताशी हवेत. ही वाट पायांना नवी नाही. लीळाचरित्रात लोणार येतं आणि मेघंकर, म्हणजे आपलं मेहकरही येतं. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी या भागात पायीच फिरले, आणि एकट्याने अटन करणं हा महानुभाव साधकांच्या आचाराचाच भाग होता. तुमच्या इच्छेला ‘भलतंच’ म्हणणाऱ्यांना एवढं जरूर सांगा.

दिवस कोणते निवडावेत? माझ्या मते दिवाळीनंतर पंधरवड्याने निघावं आणि डिसेंबर संपायच्या आत पोचावं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायाला असा धरतो की पाऊल उचलवत नाही, शिवाय उघड्या माळावर विजेची भीती. मार्चनंतर घाटाखाली, म्हणजे खामगाव-शेगावकडे, ऊन सोसवत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात मात्र दुहेरी फायदा असतो. हवा थंड असते आणि शेतं माणसांनी भरलेली असतात. कापसाची वेचणी चालू असते, तूर शेंगांवर आलेली असते, हरभऱ्याला पाणी देणं चालतं. एकट्या चालणाऱ्या बाईला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणाऱ्या बाया दिसत राहणं हे मोठं बळ आहे. जानेवारीवर ढकलू नका. 12 जानेवारीला जिजाऊ जयंतीची सिंदखेडराजाला प्रचंड गर्दी असते, आणि पुढे माघ वद्य सप्तमीला शेगावचा प्रकटदिन येतो.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, रात्रीचा मुक्काम. नर्मदा परिक्रमेत आश्रम आणि सदावर्तं आहेत. परिक्रमावासी दिसला की जेवण नि पथारी मिळते, कारण चातुर्मास सोडला तर तिथे कुणी ना कुणी चालत असतं. जपानच्या शिकोकू बेटावर 88 मंदिरांची सुमारे 1200 किलोमीटरची परिक्रमा आहे. तिथेही गावकरी अनोळखी वाटसरूच्या हातात फळं, चहा, कधी पैसेही ठेवतात. आपल्या या वाटेवर तशी कायमची सोय नाही. पण एसटी आहे. माझा आग्रहाचा सल्ला असा : मुक्काम सिंदखेडराजा, लोणार, मेहकर आणि खामगाव या चार ठिकाणीच ठेवा. जिथवर चालून होईल तिथला फाटा वहीत लिहून ठेवा, एसटीने मुक्कामी परता आणि सकाळी पहिल्या गाडीने त्याच फाट्यावर उतरून पुढे चाला. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, तेव्हा खर्चही बेताचा. काहीजण म्हणतील, ही काय पायी वारी झाली? मी म्हणेन, झाली. पाऊल एकही चुकत नाही, फक्त झोप दाराला कडी असलेल्या खोलीत होते.

मेहकर ते खामगाव हा टप्पा सत्तरेक किलोमीटरचा. मध्ये मोठं गाव नाही, म्हणून तिथे ही युक्तीही अपुरी पडू शकते. जानेफळ आणि शिर्ला नेमाने या भागात एखाद्या घरी आधीच शब्द टाकून ठेवा. चिखलीत राहता म्हणजे पाहुण्यांचे पाहुणे निघतीलच. नाही निघाले, तर एखाद्या रविवारी एसटीने जाऊन या आणि पोलीस पाटलांना, आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या बाईंना भेटा. नाव, गाव, कोणत्या दिवशी येणार ते सांगा. गावात एका बाईला तुम्ही माहीत असलात की त्या गावात तुम्ही परक्या राहत नाही. मंदिराचा सभामंडप पुरुषाला चालतो. बाईने एकटीने उघड्यावर झोपू नये, असं मी स्पष्टच सांगेन.

वाटेत बाया विचारणारच. कापसाची ओटी बांधलेली एखादी आजी बांधावर येते, कपाळावर हात धरून पाहते आणि म्हणते, “कुठं चालल्या माय? एकल्याच?” अशा वेळी थांबा, बोला. “शेगावले चालली, आजी” एवढं म्हटलं तरी पाण्याची कॅन पुढे होते. मात्र आज रात्री कुठे उतरणार, हे रस्त्यात भेटलेल्या कुणालाही सांगू नका. ते एकाच माणसाला ठाऊक असावं, घरच्या. रोज सकाळी निघताना आणि मुक्कामी पोचल्यावर त्यांना फोन करायचा. संध्याकाळी सहापर्यंत फोन आला नाही तर त्यांनी काय करायचं, हेही आधी ठरवा. पोलिसांसाठी 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108 हे नंबर कागदावरही लिहून ठेवा, फोनची बॅटरी संपते.

पाणी दोन लिटर पाठीवर हवंच. लोणारचं तळं खारं नि क्षारयुक्त, त्याचं पाणी पिण्याचं नाही. शेगावकडे उतरलात की पूर्णेचा खारपाणपट्टा लागतो, तिथल्या विहिरी-बोअरचंही तेच. वरच्या गावांत हॉटेलातला जार किंवा घरचा माठ बरा. पिशवीचं वजन पाण्यासकट सहा किलोच्या वर जाऊ देऊ नका : दोन जोड कपडे, शाल, टॉर्च, नेहमीची औषधं, आधार कार्ड, शेंगदाणे-गूळ. बायकांची खरी अडचण आडोशाची असते आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही. मुक्कामावरून निघताना जाऊन या, मग वाटेतल्या एसटी स्टँड, पेट्रोल पंप, शाळा अशा जागा आधीच हेरून ठेवा. त्या भीतीने पाणी कमी पिऊ नका. चक्कर त्यानेच येते.

पायांकडे मात्र दोन महिने आधीपासून बघा. आठवड्यातून तीन-चार दिवस चार-पाच किलोमीटरपासून सुरुवात करून हळूहळू बारा-पंधरापर्यंत जा. पहिल्या दिवशी पंधरा किलोमीटर कुणीही चालतं. पाय बोलतात ते दुसऱ्या सकाळी. म्हणून निघण्याआधी निदान दोनदा, लागोपाठ दोन दिवस, भरलेली पिशवी घेऊन डांबरी रस्त्यावर चालून पाहा. बूट नवे नकोत, या दोन महिन्यांत रुळलेले हवेत, अर्धा नंबर मोठे. चालताना टाचेला किंवा बोटाला चुरचुरलं की तिथेच बसा, मोजा काढा, पाय कोरडा करा, चिकटपट्टी लावा. पुढच्या गावापर्यंत रेटलंत तर फोड येतो, आणि फोड आला की दोन दिवस जातात. आलाच तर फोडू नका, स्वच्छ झाकून ठेवा. बीपी, साखर आणि गुडघे डॉक्टरांना दाखवूनच तारीख पक्की करा.

रस्त्याने उजव्या कडेने चाला, समोरून येणारी गाडी दिसली पाहिजे. फटफटीत उजाडल्याशिवाय निघू नका, एकच्या आत थांबा. समृद्धी महामार्ग या वाटेजवळून जातो. त्यावर पायी चालायला मनाई आहे आणि कुणी जवळचा म्हणून सांगितला तरी त्यावर चढू नका. अंधारात शेतातून आडवाट धरू नका. रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला कुंपणाच्या तारेत वीज सोडलेली असू शकते. बुलढाण्याहून बोथ्याच्या जंगलातून खामगावला उतरावं असं कुणी सुचवेल. तो रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो, तिथे अस्वल आणि बिबट्या आहेत. एकटीने पायी नको.

लोणारला एक दिवस थांबा म्हटलं ते निव्वळ विश्रांतीसाठी नाही. उल्का आदळून बेसॉल्टमध्ये झालेलं ते सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर, वर दैत्यसूदनाचं कोरीव देऊळ, धारेचं अखंड पडणारं पाणी, खाली कमळजा देवी. हे सगळं घाईत बघण्याचं नाही. खाली उतरायचं तर सकाळी, सोबत गाइड किंवा इतर माणसं घेऊन. मेहकरला 1888 मध्ये जमिनीतून निघालेली शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती आहे, तिच्यापुढेही निवांत बसा.

खामगाव ते शेगाव हे शेवटचे 16-17 किलोमीटर तुमच्या ओळखीचे. गुरुवार, रविवार आणि एकादशी टाळा, म्हणजे दर्शनाची रांग आटोक्यात राहील. भक्तनिवासाची चौकशी खामगावहूनच करून ठेवा आणि त्याच दिवशी चिखलीला परतायची घाई करू नका. बारा दिवस चाललेल्या पायांना लगेच एसटीत तीन तास बसवलं तर ते आखडतात.