उन्हाळ्यातील क्रीडोद्यान आणि शरीराची उष्णता

चेन्नईच्या पश्चिमेस, समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे वीस किलोमीटर आत, आवडी हे गाव वसलेले आहे. रणगाडे तयार करणाऱ्या कारखान्यामुळे त्याचे नाव देशभर झाले. मे महिन्यात तेथे ज्या कडक उन्हाचा काळ येतो त्यास तमिळ लोक ‘कत्तिरी वेयिल’ म्हणतात. पंचांगानुसार सूर्य तेव्हा कृत्तिका नक्षत्राच्या आसपास असतो. शाळांना सुट्टी असते ती याच दिवसांत. साहजिकच आईवडील मुलांना घेऊन बाहेर पडतात. कोणी परुत्तिपट्टू तलावाकाठच्या उद्यानात जातात, कोणी पाळणे, घसरगुंड्या व पाण्याचे खेळ असलेल्या मोठ्या क्रीडोद्यानात संपूर्ण दिवस घालवितात. अशा दिवशी शरीर आपली उष्णता कशी बाहेर टाकते आणि ते केव्हा हतबल होते, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

मनुष्याचे शरीर ही एक मंद पेटलेली शेगडीच होय. सावकाश चालणाऱ्या प्रौढ माणसाच्या शरीरात ताशी सुमारे 200 किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. ती बाहेर गेली नाही तर शरीराचे तापमान वाढत जाईल. हवा थंड असता ही उष्णता त्वचेवरून हवेत सहज निघून जाते. परंतु उन्हात त्वचेचे तापमान सुमारे 35 अंश असते. हवा त्याहून तापली की प्रवाह उलटतो, व हवाच शरीरास उष्णता देऊ लागते. मग एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे वरील 200 किलोकॅलरी घालविण्यास ताशी सुमारे 350 ग्रॅम घाम वाळला पाहिजे. अंगावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब वेगळाच. येथे ‘वाळला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जो घाम ठिबकून खाली पडतो तो शरीरातील पाणी व मीठ तेवढे नेतो. गारवा काही देत नाही.

कोरड्या हवेत हा मार्ग किती समर्थ असतो, हे चार्ल्स ब्लॅग्डेन यांनी लंडन येथे दाखवून दिले. त्यांचा वृत्तान्त 1775 साली प्रसिद्ध झाला. सुमारे 127 अंशांपर्यंत तापविलेल्या कोरड्या खोलीत ते व त्यांचे सहकारी काही मिनिटे सुखरूप राहिले. त्याच खोलीत ठेवलेली अंडी मात्र शिजून टणक झाली!

दमट हवेची गोष्ट निराळी. तिच्यात आधीच बाष्प भरलेले असल्यामुळे घाम वाळत नाही. हे मोजण्याचे साधन शाळेतही करता येते. दोन सारखे तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्यावर ओल्या मलमलीची चिंधी गुंडाळावी, दोन्ही सावलीत टांगावेत आणि पंख्याने वारा घालावा. ओल्या फुग्याचे तापमान उतरते, ते जेथे स्थिरावते त्यास आर्द्र तापमान म्हणतात. नागपुरास मे महिन्यात हवा 45 अंश तापली असून आर्द्रता 15 टक्के असेल, तर आर्द्र तापमान सुमारे 24 अंश येते. किनारी प्रदेशात हवा 35 अंश व आर्द्रता 70 टक्के असेल, तर ते सुमारे 30 अंश येते. साधा तापमापक नागपूर दहा अंशांनी अधिक गरम असल्याचे सांगतो. घामाच्या दृष्टीने मात्र चेन्नईचीच हवा अधिक कठीण! विदर्भातील घराघरांत वाळ्याच्या ताट्या व कूलर सुखावह वाटतात आणि चेन्नईत तेच निरुपयोगी ठरतात, त्याचे कारण हेच. (म्हणून नागपूरचे ऊन निरुपद्रवी आहे असे कोणी समजू नये, तेथे शरीरातील पाणी न कळत आटते, कारण घाम दिसण्यापूर्वीच वाळून जातो.)

आर्द्र तापमान 35 अंशांवर गेल्यास निरोगी मनुष्यही तग धरू शकत नाही, असे पूर्वी मानीत. पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात तरुण व निरोगी व्यक्तींवर झालेल्या आणि 2022 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ही सीमा दमट हवेत 31 अंशांच्या आसपासच आढळली.

आवडीस दुपारी समुद्राकडील वारा पोचतो, पण किनाऱ्याहून उशिरा. तो येईपर्यंत ऊन व पश्चिमेकडील कोरडी झळ यांचे राज्य असते. मे 2003 मध्ये चेन्नईत 45 अंश तापमान नोंदले गेले. वारा आल्यावर पारा उतरतो खरा, पण आर्द्रता चढते. तेव्हा वाहत्या हवेत बसणाऱ्यास बरे वाटते, आणि भिंतींनी वेढलेल्या रांगेत उभे असणाऱ्यास पूर्वीइतकाच त्रास होतो.

क्रीडोद्यानात सर्वांत घातक स्थान कोणते, असे विचारल्यास प्रस्तुत लेखक रांगेकडे बोट दाखवील. पाळण्यात बसलेल्यास निदान वारा लागतो. रांगेत माणसे एकमेकांस खेटून उभी असतात, वारा अडतो, आणि जागा जाईल या भीतीने कोणी पाण्यासाठी हलत नाही. वर पत्र्याचे छप्पर असले तर तापलेला पत्रा स्वतःच उष्णता खाली फेकतो. चिंचेची किंवा कडुनिंबाची सावली त्याहून कितीतरी बरी, कारण पाने बाष्पोत्सर्जनाने स्वतःस थंड ठेवतात. लहान मुले तापलेल्या फरशीच्या अधिक जवळ असतात, आणि वजनाच्या मानाने त्यांची त्वचा अधिक असल्याने ती लवकर तापतात.

गर्दी व उष्मा एकत्र आले असता काय होते, याची उदाहरणे दूरची नाहीत. खारघर येथे 16 एप्रिल 2023 रोजी उघड्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने 14 जण दगावले. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर 6 ऑक्टोबर 2024 रोजी विमानांच्या कसरती पाहण्यास लोटलेल्या गर्दीतील पाच जण मृत्यू पावले. तेव्हा तर कत्तिरीचा काळ संपून चार महिने झाले होते.

म्हणून सकाळी लवकर जावे, अकरा ते चार सावलीत काढावेत, आणि पाण्याचे खेळ दुपारनंतर ठेवावेत. सैल सुती कपडे भिजवून अंगावर ठेवणे उत्तम. वाऱ्यात ते घामाचेच काम करतात. पाण्यात असतानाही घाम येतो, पण तो दिसत नाही, म्हणून तहानेची वाट न पाहता प्यावे. मीठ घातलेले ताक तमिळनाडूत ‘नीर मोर’ म्हणून मिळते. शहाळे व ताडगोळेही चांगले. थंड प्रदेशातून आलेल्यांनी पहिल्याच दिवशी ही सहल ठरवू नये. शरीरास उष्म्याची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात.

डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे येणे ही पहिली लक्षणे होत. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजावा. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, पण तिची वाट पाहत बसू नये. रुग्णास सावलीत आडवे करून सर्वांगावर पाणी ओतावे व जोराने वारा घालावा. काखेत, मानेवर व जांघेत बर्फ ठेवावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते.