जुनें कुंपण काढण्याचा मक्ता

कुंपण घालतेवेळीं शेतकरी जितका विचार करितो, त्याच्या चतुर्थांशही तें काढतेवेळीं करीत नाहीं. मोडूनच टाकावयाचें, त्यांत पाहावयाचें काय, अशी समजूत असते. आणि जो प्रथम भेटेल त्यास 'एकराचे इतके' असें सांगून काम उक्तें दिलें जातें. आमच्या मतें पुढील बहुतेक तंट्यांचें मूळ या बोलींतच आहे.

एकरावरून कुंपणाची लांबी कळत नाहीं. 40 गुंठ्यांचें शेत चौरस असेल तर त्याची एक बाजू सुमारें 209 फूट व चारी बाजू मिळून 836 फूट भरतात. तेंच शेत 66 फूट रुंद व 660 फूट लांब अशी पट्टी असेल, तर क्षेत्र तितकेंच राहून घेर 1452 फूट होतो. आठ फुटांवर एक खांब धरिला तर पहिल्यास सुमारें 104 व दुसऱ्यास 181 खांब उपटावे लागतात. म्हणून तारेचा दर फुटावर व खांबांचा दर नगावर ठरवावा. काँक्रीटमध्यें बसविलेल्या खांबांचा दर निराळा असावा, व तळचा गड्डा काढून खड्डा बुजविण्याचें काम त्यांतच धरिलें आहे असें चिठ्ठींत स्पष्ट लिहावें. न लिहिल्यास मक्तेदार खांब जमिनीलगत मोडून मोकळा होतो, आणि गड्डा पुढें नांगराच्या फाळास सांपडतो.

मक्तेदार शक्यतों पंचक्रोशींतलाच असावा. त्यास पुन्हां बोलावितां येतें, हा मोठा लाभ. मात्र त्याचें मागील काम पाहावयाचें तें नांगरट झालेल्या शेतांत. त्यापूर्वीं सर्वच कामें स्वच्छ दिसतात. नात्यांतला मनुष्य असला तरी चिठ्ठी करावीच.

बांधावरील हद्दीच्या दगडांस हात लावूं देऊं नये. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 अन्वयें या खुणा सुस्थितींत राखण्याची जबाबदारी खातेदारावर आहे, मजुरावर नव्हे. काम सुरू होण्यापूर्वीं शेजाऱ्यास समक्ष बोलावून दगड दाखवावे व त्यांवर चुना लावावा. हद्दीविषयीं संशय असल्यास आधीं मोजणी करून घ्यावी, कारण जुनें कुंपण एकदां निघालें म्हणजे वहिवाटीची दृश्य खूणही नाहींशी होते. कुंपणांत साग, आंबा, चिंच अशीं झाडें असतील तर 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यान्वयें परवानगी मिळाल्यावांचून तीं मक्त्यांत घालूं नयेत.

शेराचें कुंपण तोडतांना त्याचा चीक डोळ्यांत गेल्यास दृष्टीस अपाय होतो. भरपूर स्वच्छ पाणी जवळ ठेवावें, डोळे तत्काळ धुवावे व डॉक्टरांकडे जावें. तोडलेले तुकडे ओल्या जमिनींत पडूं देऊं नयेत. ते पुन्हां मूळ धरतात. ताणलेली तार एकदम तोडली तर ती सटकन उलटते, यास्तव ताण प्रथम सैल करावा.

परंतु खरी हानि तारेच्या बारीक तुकड्यांनीं होते. गाय-म्हैस चारा जिभेनें ओढून फारसा न चावतां गिळते. त्याबरोबर पोटांत गेलेला तुकडा दुसऱ्या कप्प्यांत अडकतो, त्याची भिंत भेदतो व पुढें हृदयाच्या आवरणापर्यंतही पोंचतो. जनावर खाणें सोडतें, दूध आटतें, आणि कारण ध्यानांत येईपर्यंत पुष्कळदां उपाय उरत नाहीं. चार फुटांचें खत वांचविण्यासाठीं कोणी गाय गमावीत नाहीं; पण चार तुकडे वेंचण्याच्या आळसानें ती गमावली जाते. म्हणून तार शक्यतों अखंड गुंडाळावी, तुटकें एका पोत्यांत भरावें, व शेवटीं दोरीस लोहचुंबक बांधून कुंपणाच्या ओळीवरून फिरवावा. तोंपर्यंत तेथें गुरें सोडूं नयेत.

निघालेल्या लोखंडाचा धनी कोण, हें आधींच ठरवावें. भंगार मजुरींत वळतें करावयाचें असल्यास तें दोघांसमक्ष काट्यावर तोलून त्या दिवशींच्या भावानें मांडावें. अंदाजानें वळतें केल्यास बहुधा शेतकरीच नुकसानींत येतो. उचल चौथाईपेक्षां अधिक देऊं नये, आणि निदान तितकाच पैसा पहिली नांगरट होऊन खड्डे तपासले जाईपर्यंत राखून ठेवावा.