तिरकस गुणाकार आणि छेदाचे चिन्ह

बंगळूरच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटमध्ये, एकाकडे २० रुपयांस ५ लिंबे व दुसऱ्याकडे २५ रुपयांस ७ लिंबे मिळत असतील, तर गिऱ्हाईक उभ्या उभ्या ताडून पाहते : २० × ७ = १४०, २५ × ५ = १२५; म्हणून दुसरी स्वस्त. ही रीत जुनी आहे. ‘लीलावती’तील पंचराशिकाच्या मुळाशी अशीच अदलाबदल आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावनजीक पाटण येथे मठ स्थापिला. त्याच्या १२०७ च्या शिलालेखात संस्कृत भागानंतर जो मराठी मजकूर येतो, तो मठास लावून दिलेल्या वाट्यांचा आहे. हिशेबाची मराठी आपणांस बाजाराच्या वाटेने मिळाली, ती अशी. बाजारात लिंबांची संख्या ऋण नसते, आणि ही अट कोणी उच्चारीत नाही.

शाळेत हीच रीत ‘छेद पलीकडे न्या’ या आज्ञेच्या रूपाने येते. वस्तुतः काही ‘नेले’ जात नाही. दोन्ही बाजूंना छेदाने गुणिले जाते. समीकरणात छेद शून्य नसला म्हणजे पुरे. असमतेत मात्र गुणक ऋण असेल तर चिन्ह उलटते, आणि छेदात अज्ञात राशी असेल तर तो धन की ऋण हे आधी ठाऊक नसते.

उदाहरणार्थ, (क्ष + ३)/(क्ष − २) > २ ही असमता घ्यावी. छेद पलीकडे नेला असता क्ष + ३ > २क्ष − ४, म्हणजे क्ष < ७ असे उत्तर निघते. परंतु क्ष = ० घातल्यास डावी बाजू −३/२ होते; ती २ पेक्षा मोठी नव्हे. योग्य मार्ग असा : २ ही संख्या अलीकडे आणून समच्छेद करावा. मग (७ − क्ष)/(क्ष − २) > ० उरते. अंश व छेद यांची चिन्हे २ आणि ७ येथेच बदलतात. क्ष २ हून लहान असता अंश धन, छेद ऋण. ७ हून मोठा असता उलट. दोघांच्या दरम्यान दोन्ही धन. म्हणून २ < क्ष < ७. छेदाच्या वर्गाने गुणिले तरी चालते, कारण तो वर्ग कधी ऋण नसतो. पण त्यात आकडेमोड उगाच वाढते.

येथे खोटी उत्तरे आत शिरली. १/क्ष < १ यात उलट घडते : घाईने क्ष > १ लिहिणारा सर्वच्या सर्व ऋण संख्या गमावतो. दुसरी चूक अधिक फसवी, कारण पडताळ्यास घेतलेली प्रत्येक संख्या बरोबरच ठरते.

‘बीजगणिता’तील वानरांचे उदाहरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून ३ वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी वानरे गुहेत गेली. एक फांदीवर दिसते. उत्तरे ५० आणि ५. पाचाचा पाचवा हिस्सा १, त्यातून ३ गेले की −२. वर्ग करताच ते ऋणत्व लोपते व समीकरण जुळते. तरीही भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर त्याज्य मानिले. क्रियेत लोपलेले चिन्ह त्यांनी मूळ कथेत परत जाऊन शोधले.

मराठी पाठ्यपुस्तकांत म्हणूनच ‘छेद धन असल्यास’ हे तीन शब्द नियमाच्या आरंभी यावेत, तळटीपेत नव्हे. वरील असमतेत > ऐवजी ≥ असते तर ७ उत्तरात आला असता; २ मात्र कधीच नाही, कारण तेथे छेदच शून्य होतो.