‘ठाण्याला पाठवा’

ठाणे (पश्चिम)

चि. ओंकार,


तुझी एकांकिका एका बैठकीत वाचून काढली. दोघी बहिणी वाटणीवर बोलतात तो प्रवेश फार जमलाय, त्याला हात लावू नकोस. पण पुढे तिसऱ्या प्रवेशात काका वैतागून, कानात आवाज येणाऱ्या पुतण्याकडे बोट दाखवतो, “याला ठाण्याला पाठवा रे!” म्हणतो आणि कंसात तू लिहिलं आहेस, ‘हशा’. त्या कंसासाठी हे पत्र.

हशा मिळणार, यात शंका नाही. डोंबिवलीच्या फुले कलामंदिरात मिळेल, इथे गडकरी रंगायतनलाही मिळेल. महाराष्ट्रात कुठेही हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. 1901 पासून उभ्या असलेल्या आमच्या मनोरुग्णालयाचं नाव न घेताही ते सगळ्यांना कळतं. माझी नोकरी तिथल्या वॉर्डांत झाली. हे वाक्य नाट्यगृहाबाहेर काय करतं, ते मी पाहिलंय.

कल्याणहून एक बाई मुलाला घेऊन ओपीडीत यायची. कॉलेजात जाणारा मुलगा, कानात आवाज येतात म्हणून खोलीबाहेर पडेना. चाळीत ती सांगून निघायची, “याचा कान दाखवायला चाललोय.” केसपेपर रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात, रेशनकार्डाच्या मागे सरकवलेला. आजार सुरू झाल्यावर वर्ष उलटून गेलं तरी तिनं त्याला आणलं नव्हतं. अंगारे झाले, गंडेदोरे झाले. का, तर शेजारी जिन्यात हसत म्हणाले होते, “ठाण्याला टाका त्याला.” जिथे औषध होतं त्याच गावाच्या नावाची तिनं धास्ती घेतली. औषधं सुरू झाल्यावर मुलगा सावरला, पण ते वर्ष त्याचं गेलंच.

ही एकटीची गोष्ट नव्हे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं 2015-16 मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. निरनिराळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के माणसं उपचारांपर्यंत पोचत नाहीत, असं त्यात आढळलं. डॉक्टर कमी आहेत, पैसा नाही, अंतर आहे, हे सगळं खरं. पण लाजेचा वाटा फार मोठा आहे, आणि लाज आपणच बोलून बोलून तयार करतो. बरं होऊनही घरी न नेलेली माणसं मी पाहिली आहेत. नातेवाइकांनी दिलेल्या पत्त्यावर पत्र पाठवावं, तर ते परत येई.

कायद्याची भाषा बदलायलाही काळ लागला. 1912 च्या कायद्याच्या नावातच ‘ल्युनसी’, म्हणजे वेड, होतं. 1987 मध्ये ‘मानसिक आरोग्य’ आलं, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला सन्मानानं जगण्याचा हक्क लिहून दिला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या 21 प्रकारांची यादी आहे, त्यात मानसिक आजारही आहे. म्हणजे तुझ्या नाटकातला पुतण्या कायद्यानं दिव्यांग ठरू शकतो.

तुला उपयोगी पडेल असा एक निकालही आहे. ‘आँख मिचोली’ या सिनेमातल्या दिव्यांगांच्या चित्रणावरून निपुण मल्होत्रा सर्वोच्च न्यायालयात गेले. 8 जुलै 2024 ला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठानं निकाल दिला. विनोदाला बंदी घातलेली नाही. दिव्यांगत्व समजून घ्यायला मदत करणारा विनोद वेगळा आणि दिव्यांग माणसाला खाली खेचणारा वेगळा, एवढा फरक न्यायालयानं केला. हिणवणारे शब्द टाळा, दिव्यांगांची टर उडवू नका आणि उलट त्यांना अचाट पराक्रमी करूनही ठेवू नका, असं सांगितलं. आणि लिहिताना त्या माणसांना बरोबर घ्या, असंही. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आता शब्दांचं. ‘नाटकाचं वेड’ खुशाल म्हण, त्यानं कुणाला इजा होत नाही. पण ‘मेंटल’, ‘सायको’, ‘स्क्रू ढिला’ हे जिवंत माणसाला चिकटवायचे शब्द नव्हेत. ‘त्याला स्किझोफ्रेनिया आहे’ म्हण. ‘तो स्किझोफ्रेनिक’ म्हटलं की माणूस संपतो आणि आजार उरतो. ‘अंध’ शब्दाला घाबरू नकोस, दिसत नसलेली कितीतरी माणसं स्वतःला सरळ अंध म्हणवतात. ‘दिव्यांग’ शब्द 2015 च्या अखेरीस पंतप्रधानांनी सुचवल्यावर सरकारी कागदांवर आला. काहींना तो आवडतो, काहींना त्यातलं ‘दिव्य’ नकोसं वाटतं. समोरच्याला काय आवडतं ते विचारावं. आणि बोलावं त्याच्याशीच, त्याच्या डोक्यावरून आईशी नाही.

डोंबिवलीच्या फलाटावर तू रोज ऐकत असशील. लोकलच्या दिव्यांगांसाठी राखीव डब्यात कुणी धडधाकट दिसणारा चढला की ओरडतात, “लंगडा आहेस का रे?” एका दमात दोघांचा अपमान. शिवाय त्या डब्यातून कर्करोगाचे रुग्णही जातात, आणि त्यांचा आजार बाहेरून दिसतोच असं नाही.

तर तुझ्या प्रवेशाकडे येते. काकाचं वाक्य काढच असं मी म्हणत नाही. असे काका घरोघरी आहेत. रंगमंचावर ते सोवळं बोलले तर खोटं वाटेल. पण त्या वाक्यानंतर पुतण्याला एकही संवाद नाही, हे मला खटकलं. संपूर्ण एकांकिकेत सगळे त्याच्याविषयी बोलतात, तो फक्त कोपऱ्यात बसून हातवारे करतो. त्याला बोलू दे. त्यानं हसवलं तरी चालेल. वॉर्डातली माणसं फार मार्मिक विनोद करत. आणि हातवारे काढ. आवाज ऐकू येणारा माणूस बहुतेक वेळा गप्प बसून ऐकत असतो. नटाला ते करणं अवघड जाईल, पण जमेल.

ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. मनोविकारतज्ज्ञ आणि नाटककार डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ती 1990 मध्ये सुरू केली. तिथे चौकशी कर, आजारातून गेलेलं कुणी संहिता ऐकायला तयार असेल तर वाचून दाखव. त्यांनी नाही म्हटलं तर आग्रह धरू नकोस. माझ्या ओळखीची दोन घरं आहेत, त्यांना मी स्वतः विचारते. स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला अजून अवकाश आहे ना? मग या रविवारी संहिता घेऊन इकडेच ये. तिसरा प्रवेश मोठ्यानं वाचू, पुतण्याचे नवे संवाद तू म्हण.

तुझी,
आत्या